फिरतीची नोकरी पाहिजे ताई, पण कुठली?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले की माझी चौदा वर्षं सुटकेसवर गेली, टूर मॅनेजर होते म्हणून, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले या वेळी दुसरं काही घेऊच नका. बरं. सगळी पत्रं वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली, जवळपास प्रत्येकानं विचारलंय की कुठल्या नोकरीत जास्त फिरायला मिळतं, आणि घरी परत कधी यायला मिळतं याची काळजी फक्त एकाला आहे, आणि तो बुवा पंधरा वर्षं फिरतोय. त्याचं पत्र शेवटी घेतलंय. जागा कमी आहे, त्यामुळे काहींना लांबलचक उत्तर आणि काहींना दोन ओळी असं होणार, रागवू नका.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम. आमच्या वाडीतले दोन दादा बोटीवर आहेत, सहा महिने गावी असतात, बुलेट फिरवतात, स्टेटसला कधी सिंगापूर, कधी ब्राझील, कधी रॉटरडॅम. मलाही बोटीवरच जायचंय. बेलापूरचा एक एजंट म्हणतो परीक्षा वगैरे काही नको, साडेचार लाख द्या, तीन महिन्यांत डायरेक्ट जॉइनिंग. आबा जमिनीचा तुकडा विकायला तयार झालेत. काय करू?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : आधी आबांना सांग जमीन विकायची नाही. सांगितलंस? मग आता पुढचं वाच.

तुझं पत्र आल्यावर मी माझ्या मावसभावाला फोन केला, तो चीफ ऑफिसर आहे आणि सध्या नशिबानं घरी होता. तो साडेचार लाखाचा आकडा ऐकून हसला, म्हणाला आमच्या वेळी दीड होता. जहाजावर माणसं पाठवणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजांचं बघणाऱ्या सरकारी खात्याचं, आरपीएसएल लायसन्स असावंच लागतं, त्याला नंबर असतो आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर अशा सगळ्यांची यादी असते, तिथं या एजंटाचं नाव शोध. आणि यादीत नाव सापडलं तरी त्याला नोकरी लावून देण्याचे पैसे तुझ्याकडून घेताच येत नाहीत. 2006 चं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणून जे आहे, जे भारतानं 2015 मध्ये स्वीकारलं, त्यात हे लिहिलेलंय, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि मेडिकलचा खर्च आपण करायचा, पण नोकरीची किंमत मोजायची नाही. म्हणजे तुझा एजंट लायसन्सवाला असेल तर कायदा मोडतोय आणि नसेल तर सरळ फसवतोय, तिसरं काही नाही.

खरा रस्ता लांब आहे पण माहितीतला आहे. अधिकारी व्हायचं तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यायची, बारावीच्या पीसीएमला 60 टक्के आणि इंग्रजीला 50 लागतात. डेकला, म्हणजे जहाज चालवण्याच्या बाजूला, जायचं तर डीएनएस हा एक वर्षाचा कोर्स, मग कॅडेट म्हणून 18 महिने समुद्रावर, मग सेकंड मेटची, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याची, परीक्षा. आणि इथं भाऊ जे म्हणाला ते अधोरेखित करून ठेव, आधी शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप आणि मग कॉलेजची फी, उलटं करायचं नाही. उलटं करणारी बरीच पोरं हातात सर्टिफिकेट घेऊन मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटातल्या ऑफिसांचे जिने चढत-उतरत बसलेली असतात. दहावीवर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्सही असतो, त्यातून खलाशी म्हणून जाता येतं, तिथंही जागा मिळणं हीच खरी अडचण आहे. आणि हे सगळं करायच्या आधी डोळे तपासून घे, अगदी याच आठवड्यात. डेकला चष्मा चालत नाही, इंजिन साइडला थोडा नंबर चालतो, पण तो रंगांधळेपणाचा, ठिपक्यांतला आकडा ओळखायचा तक्ता नापास झालास तर पुढे काहीच नाही.

आता रॉटरडॅम. भाऊ नऊ वेळा तिथं गेलाय आणि शहर एकदा बघितलंय. मोठी कंटेनरची जहाजं लागतात ती जागा शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब, समुद्रात भर टाकून केलेली, आणि जहाज फार वेळ थांबत नाही, त्यात माल चढ-उतार, इन्स्पेक्शन, वॉच (पहाऱ्याची पाळी), मग मिळालाच वेळ तर माणूस झोपतो रे. स्टेटसचा फोटो ब्रिजवरनं, म्हणजे जहाज जिथनं चालवतात तिथनं, काढलेला असतो. आणि दादा गावी बुलेट फिरवतात ते सहा महिने, बहुतेकांचा तेव्हा पगार चालू नसतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं की पगार थांबला, साठवलेल्यावर जगायचं, हे तुला दादांनी सांगितलंय का?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटीवरून तू उतरणार कधी ते तुझा रिलीव्हर, म्हणजे तुझ्या जागी येणारा माणूस, ठरवतो. तो आला तर तू उतरणार. 2020 ला भावाचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि उतरला तेव्हा अकरावा चालू होता, तेव्हा जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असेच समुद्रात अडकून पडले होते, कोणत्याच बंदरात माणसं बदलू देत नव्हते. वहिनीनं एक राखी आणि एक बारसं त्याच्याशिवाय केलं. हे सगळं ऐकूनही जावंसं वाटत असेल तर जा, नोकरी चांगली आहे, पैसा चांगला आहे, आणि राधिका मेनन यांच्यासारखी कॅप्टन बाई 2015 ला वादळात बुडणाऱ्या होडीवरच्या सात कोळ्यांना आपल्या जहाजावर ओढून घेते आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळवते ते पण याच नोकरीत.

प्रश्न : मी बी.ए. इतिहास आहे, वय 23, पुण्यात कॉल सेंटरला आहे. तुमच्यासारखं टूर मॅनेजर व्हायचंय, एका इन्स्टिट्यूटचा सव्वा लाखाचा कोर्स आहे तो करू का? घरचे म्हणतात मुलीच्या जातीनं परक्या लोकांबरोबर पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहायचं हे काय. पण मला युरोप बघायचाय!
– मूळची सोलापूरची

उत्तर : अगं, युरोप बघायचा असेल तर पैसे साठव आणि पैसे भरून जा. चेष्टा नाही करत. मी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला पहिल्यांदा चढले, 3454 मीटर उंची, लोक आयुष्यभर स्वप्न बघतात, आणि मी तिथला पूर्ण वेळ एका काकूंना चक्कर आली म्हणून त्यांच्या पायाशी बसून होते आणि त्यांचे यजमान फोटो काढायला कुठं गेलेत ते फोनवर शोधत होते. बर्फ मी बघितला तो पाचव्या खेपेला.

या कामाला आमच्यात सहा-सात-आठचं काम म्हणतात. सहाला वेकअप कॉल, सातला ब्रेकफास्ट, आठला बस. ग्रुपचं सहा म्हणजे तुझं साडेचार. चाळीस माणसं मोजायची, दिवसातून दहा वेळा मोजायची, झोपेतही मोजतेस मग. बसमध्ये रोज सीट रोटेशन असतं, काल पुढे बसलेले आज मागे, आणि मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं त्या पुढच्या सीटवरून जी भांडतात ना, इतिहास शिकलेल्या मुलीला पानिपत नवीन वाटू नये. एकदा इटलीत हॉटेल पंचवीस किलोमीटरवर राहिलं होतं आणि ड्रायव्हरनं बस सर्व्हिस एरियात घेऊन इंजिन बंद केलं, कारण युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायलाच लागतं, मशीनमध्ये सगळं नोंदतं, दंड त्याला होतो. माझा ग्रुप म्हणतोय अहो वीस मिनिटांचं तर राहिलंय, त्याला काहीतरी द्या, समजवा. कुणाला समजवायचं होतं तर ते ग्रुपला, आणि ते मी पाऊण तास चिवडा वाटत वाटत केलं. हे काम आहे. तुला हे वाचून हसू आलं असेल तर तू टिकशील, अंगावर काटा आला असेल तर कॉल सेंटर बरं.

कोर्सचं म्हणशील तर सव्वा लाख घालायची गरज मला दिसत नाही. मी होते तिथं इंटरव्ह्यू घेऊन घ्यायचे आणि स्वतःच शिकवायचे, आधी असिस्टंट म्हणून देशातल्या टूरवर, केरळ, राजस्थान, हिमाचल, तिथं एक-दोन सीझन निभावले की मग परदेश. आवाज मोठा पाहिजे, नावं पाठ राहिली पाहिजेत, हिंदी-इंग्रजी न अडखळता आली पाहिजे, आणि कुणी काही बोललं तर ते रात्री खोलीवर नेऊन उगाळायचं नाही. तुझं इतिहासाचं बी.ए. खरं कामाला येईल ते गाइड म्हणून, तो वेगळा पेशा आहे, गाइड म्हणजे त्या जागेचा माणूस, त्यासाठी पर्यटन खात्याचं लायसन्स असतं, आणि अजिंठा-वेरूळला चांगल्या गाइडला लोक शोधत येतात. तो पर्याय मनात ठेव, चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागतात तेव्हा उपयोगी पडतो.

घरच्यांना उत्तर देऊ नकोस, माहिती दे. इंटरव्ह्यूला गेलीस की पुढचं स्पष्ट विचार, मुक्कामाला खोली स्वतंत्र की शेअरिंग आणि शेअरिंग कुणाबरोबर, मुंबईला रात्री दोनला फ्लाइट उतरली तर घरापर्यंत गाडी कोण देतं, टूरवर आजारी पडले तर विमा आहे का, आणि ऑफ सीझनला पगार चालू असतो का दिवसावर भत्ता. मी पहिल्या ठिकाणी यातलं काही विचारलं नव्हतं आणि पावसाळ्यात तीन महिने आईकडून पैसे घेतले. आणि दिवाळी विसर. चौदा वर्षांत मी दोन दिवाळ्या घरी होते, त्यातली एक पाय मोडला म्हणून.

प्रश्न : बी.एस्सी. आहे, नांदेड. एका औषध कंपनीत एमआरची (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) ऑफर आहे, हेडक्वार्टर नांदेडच मिळतंय. मित्र म्हणतात एमआर म्हणजे मस्त, टाय लावायचा, गाडीवर फिरायचं, बॉस डोक्यावर नाही. खरं का?

उत्तर : टायचं खरं आहे.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं एमआर होता, त्यामुळे हे घरातलंच आहे. हेडक्वार्टर नांदेड मिळालं म्हणजे नांदेडला राहायला मिळालं असं नाही, तुमचा महिना एचक्यू, एक्स आणि ओएस अशा तीन भागांत वाटलेला असतो. एक्स म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, भोकर, मुदखेड, लोहा वगैरे. ओएस म्हणजे मुक्काम, किनवट, हिंगोली, परभणी. ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरला हे विचारा की महिन्यात ओएस किती दिवस, ओएसचा डीए (रोजचा भत्ता) किती, किलोमीटरला किती रुपये मिळतात आणि फेअर चार्ट (कुठल्या गावाचं किती प्रवासभाडं तो तक्ता) मंजूर करून कोण देतं. मंजुरी येईपर्यंत पेट्रोल तुमच्या खिशातलं जातं, हे कुणी सांगत नाही. आणि बॉस डोक्यावर नाही हे मित्रांनी बहुतेक 1995 मधलं सांगितलंय, आता टूर प्रोग्रॅम महिना सुरू व्हायच्या आधी भरायला लागतो, कॉलचं, म्हणजे डॉक्टरांच्या भेटीचं, रिपोर्टिंग मोबाइल ॲपवर आणि बऱ्याच ठिकाणी ॲपला लोकेशन चालू लागतं, म्हणजे किनवटचा डॉक्टर घरी बसून भेटवता येत नाही. मॅनेजर जॉइंट वर्कला आला की दिवसभर तुमच्या गाडीच्या मागे बसतो तो वेगळाच.

पण एक सांगते, या नोकरीत परत कधी यायचं ते निदान कागदावर आधी कळतं, आणि बहुतेक रात्री घरी. फिरतीच्या नोकऱ्यांत हे मोठं सुख आहे. अपॉइंटमेंट लेटर लेखी घ्या, एमआर लोकांसाठी 1976 सालीच वेगळा कायदा झाला होता त्यात लेखी लेटर द्यावंच लागेल असं होतं, आणि आताच्या लेबर कोडमध्ये तर ते सगळ्यांनाच द्यायचंय. आणि टार्गेटसाठी पावसात रात्री बाइकवर परत यायचं नाही, मुक्काम करायचा. भाऊ असाच एकदा आला, उजव्या हातात अजून रॉड आहे.

प्रश्न : मी कराडची, इलेक्ट्रिकल डिप्लोमा. रेल्वेत एएलपी (असिस्टंट लोको पायलट) होऊन ट्रेन चालवायचीय. चष्मा आहे (−1.5), लेसर करून घेतलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, आणि म्हणूनच लेसरचे पैसे आत्ता घालवू नकोस. असिस्टंट लोको पायलटला ए-वन मेडिकल लागतं, चष्म्याशिवाय दोन्ही डोळे 6/6, आणि लेसिक केलेले उमेदवार बाद होतात. दरवर्षी कितीतरी पोरं दोन्ही सीबीटी (कॉम्प्युटरवरच्या परीक्षा) आणि वर ती ॲप्टिट्यूड टेस्ट पास होऊन शेवटी मेडिकलला रडतात. रेल्वेच्या जाहिरातीत प्रत्येक पदापुढे मेडिकल स्टँडर्ड छापलेलं असतं, पगाराच्या आधी तो रकाना वाचायचा. तिकीट-कमर्शिअल बाजूची काही पदं चष्म्यावर चालतात. तुला वाईट वाटणार हे कळतंय, विशेषतः सुरेखा यादव तुझ्याच जिल्ह्याच्या, कराडलाच डिप्लोमा केलेल्या, 1989 ला असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या, 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून सीएसएमटीला वंदे भारत घेऊन आल्या आणि 2025 ला रिटायर झाल्या. तुझी धाकटी बहीण असेल आणि तिला चष्मा नसेल तर तिला हे पान दाखव.

प्रश्न : मुलगा (19) कॉलेज सोडून ट्रॅव्हल व्लॉगर होतो म्हणतो, गो-प्रो घ्यायला पैसे मागतो. – एक आई, नाशिक

उत्तर : त्याला म्हणावं आधी आहे त्या फोनवर नाशिकचेच वीस व्हिडिओ कर, त्र्यंबक, अंजनेरी, सरकारवाडा, द्राक्षाच्या बागा, रामकुंडावरचे विधी, मिसळ तर सोडूच नको. वीस पूर्ण झाले तर कॅमेऱ्याचं बघू. चारच झाले तर तुमचे पैसे वाचले. कॉलेज मात्र सोडू देऊ नका.

प्रश्न : वय 41, चिंचवड. साखर कारखान्यांच्या टर्बाइनचं कमिशनिंग (बसवून चालू करून देणं) करतो, 15 वर्षं झाली. ऑगस्टला घर सोडलं की गळीत हंगाम लागेपर्यंत या कारखान्यातून त्या कारखान्यात, हंगामात कुठं ट्रिप झालं, मशीन अचानक बंद पडलं, की फोन येतो आणि निघायचं, मधे युगांडा, थायलंडही झालं. पगार चांगला, फ्लॅट झाला. पण घरी आलो की बायको-मुलीचं सगळं बसलेलं असतं आणि मी काही बोललो की अडतं. परवा मुलीनं (वय 9) विचारलं, बाबा तुम्ही परत कधी जाणार? रात्रभर झोप नाही. नोकरी सोडू का?

उत्तर : तडकाफडकी सोडू नका. आधी हंगाम संपू द्या, एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले आणि तुमच्या ऑफिसला जरा श्वास घ्यायला वेळ मिळाला की साहेबांशी बोला, वर्क्समध्ये टेस्टिंगला, स्पेअर्सला किंवा नवीन पोरांना ट्रेनिंग द्यायला घेतात का विचारा. पंधरा वर्षांत तुम्ही जे आवाजावरून ओळखायला शिकलात ते साइटवरच्या पंचविशीतल्या मुलाला फोनवरून सांगायला माणूस लागतोच. पगार थोडा कमी होईल, साइट अलाउन्स जाईल, ते आकडे बायकोबरोबर बसून मांडा, एकट्यानं नको.

आता मुलीचं. तिनं टोचून विचारलेलं नाही हो. माझे आप्पा भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. तेव्हा फोन नव्हते, कॉलबॉय यायचा घरी, रात्री दोनला, तीनला, सायकल लावून कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. आम्ही भावंडं दारातच त्याला विचारायचो, कुठली गाडी, कधी परत? कारण आप्पा दिवसा घरी झोपलेले असले की अख्ख्या घरानं कुजबुजायचं, रेडिओ बंद, कुकरची शिटी झाली तरी आई धावायची. ते गाडीवर गेले की आम्हाला घर मोकळं. प्रेम नव्हतं असं नाही, वेळापत्रक हवं होतं. तुमच्या मुलीलाही तेच हवंय, तिला तारीख सांगा, आणि माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा, लवकर येतो असं सांगू नका. आप्पांच्या लवकरला आम्ही हसायचो.

आणि तुम्ही बोललं की अडतं ते अडणारच. आप्पा इगतपुरीहून आले की चहा व्हायच्या आत आमची प्रगतिपुस्तकं मागायचे, कपाट असं का लावलंय विचारायचे, आणि आई पदर खोचून आत निघून जायची. मग तिनंच कधीतरी ठरवलं असणार, आम्हाला तेव्हा कळलं नाही, पण एक काम तिनं त्यांच्यासाठी राखून ठेवलं, आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची. जूनमध्ये नवीन पुस्तकांचा गठ्ठा कोपऱ्यात पडून राहायचा, शाळेत बाई उभं करायच्या, तरी आई हात लावायची नाही, म्हणायची आप्पा येऊ देत. ते यायचे, आंघोळ करायचे आणि खाकी कागद पसरून बसायचे, आम्ही चौघं भोवती, एक कात्री धरणार, एक डिंक, आणि त्या तासाभरात ते प्रगतिपुस्तकाबद्दल काही विचारायचे नाहीत. त्यांच्यासारख्या कडक घड्या मला अजून येत नाहीत.

ऑगस्टला अजून वेळ आहे. तुमच्यासाठी घरातलं कुठलं काम राखून ठेवायचं ते मुलीलाच ठरवायला सांगा, आणि ती जे सांगेल ते भलतंच निघालं तरी घ्या.